गेमिंग पीसी असेंबल करायचाय? दुकानात जायच्या आधीची तयारी

बारावी संपली की आमच्या ऐरोलीच्या बिल्डिंगमध्ये दरवर्षी एकदोन घरांतून विचारणा येतेच, की काका गेमिंग पीसी बनवायचाय, कुठलं ग्राफिक्स कार्ड (पडद्यावरचं चित्र तयार करणारा भाग) घेऊ. आणि मी दरवेळी सांगतो की कार्ड नंतर, आधी बाकीचं ठरवू. गेल्या वर्षी भाचीचा पीसी आम्ही दोघांनी मिळून घरीच जोडला, तेव्हा जे आधी ठरवलेलं होतं ते सुरळीत झालं आणि जे ऐनवेळी आठवलं त्यासाठी परत परत पळावं लागलं, म्हणून तो सगळा क्रम इथे लिहितोय.

सगळ्यात आधी कागद घ्या आणि खेळणार काय ते लिहा, खरंच लिहा. व्हॅलोरंट किंवा काउंटर स्ट्राइकच खेळायचं असेल तर कार्डावर फार ताण नसतो, तिथे प्रोसेसर चांगला लागतो आणि मॉनिटर १४४ हर्ट्झचा (म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा) किंवा वरचा लागतो. मोठमोठी शहरं, जंगलं, पाऊस असं सगळं दाखवणारे स्टोरीवाले गेम खेळायचे असतील तर पैसा कार्डात जातो. दोन्ही हवं असेल तर जास्त वेळ कशात जाणार ते स्वतःला विचारा. मग लगेच मॉनिटर ठरवा, कारण कार्डाला किती राबायचंय ते मॉनिटरच ठरवतो. १०८०पी म्हणजे पडद्यावर साधारण २०.७ लाख ठिपके, १४४०पी म्हणजे ३६.९ लाख, म्हणजे जवळजवळ पावणेदोन पट काम, आणि तेही सेकंदाला शंभर-दीडशे वेळा. २४ इंचाला १०८०पी छान दिसतं, २७ इंचाला तेच जरा फुटल्यासारखं वाटतं, तिथे १४४०पी घ्या. लाखाच्या आतलं बजेट असेल तर २४ इंची, १०८०पी, आयपीएस (कडेने बघितलं तरी रंग नीट दिसणारा पडदा), १४४ किंवा १८० हर्ट्झ, यावर मी तरी समाधानी आहे आणि भाचीही आहे.

मॉनिटर ठरला की मोजपट्टी काढा. टेबलाची लांबी-रुंदी, खाली कॅबिनेट ठेवणार की वर, मागे भिंतीपर्यंत चार बोटं जागा राहते का, खिडकी टेबलापासून किती अंतरावर आहे. खिडकीचं मुद्दाम सांगतोय, आपल्याकडे जून ते सप्टेंबर तिरकी झड आत येते, आणि खाडीकडच्या बिल्डिंगांमध्ये तर हवाच दमट असते. राउटर कुठे आहे तेही बघून ठेवा. हॉलमध्ये असेल आणि मध्ये दोन भिंती असतील तर लॅनची (इंटरनेटची) वायर आधीच ओढून घ्या, नाहीतर मदरबोर्ड (सगळे पार्ट ज्यावर बसतात तो बोर्ड) वायफायवाला घ्यावा लागेल, आणि हे बोर्ड निवडायच्या आधी माहीत असलेलं बरं.

आता कार्ड. एकाच नावाच्या कार्डाचे दोन प्रकार येतात हे पक्कं लक्षात ठेवा. एनव्हिडिया कंपनीचं आरटीएक्स ५०६० टीआय ८ जीबी मेमरीमध्येही मिळतं आणि १६ जीबीमध्येही, एएमडी कंपनीच्या आरएक्स ९०६० एक्सटीचंही तसंच, आणि बॉक्स जवळपास सारखेच दिसतात. कोटेशनवर जीबी लिहून घ्या, नुसतं नाव नको. फक्त ऑनलाइन शूटिंग गेम खेळायचे असतील तर ८ जीबी मेमरी पुरते, पण नव्या जड गेममध्ये टेक्स्चर (चित्रातला बारकावा) वाढवले की ती भरते आणि मग खेळ मध्येमध्ये अडखळायला लागतो, फ्रेमचा (सेकंदाला किती चित्रं दिसतात त्याचा) आकडा चांगला दिसत असला तरी. चार-पाच वर्षं कार्ड बदलायचं नसेल तर १६ जीबीवाल्यासाठी थोडं थांबून पैसे जमवा असं माझं स्पष्ट मत आहे. कार्डाची लांबी मिलिमीटरमध्ये लिहून ठेवा, कॅबिनेट घेताना लागते. सेकंडहँड कार्ड स्वस्त मिळतं म्हणून मोह होतो, घेणारच असाल तर समोर लावून अर्धा तास गेम चालवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका आणि बिल शिल्लक आहे का ते विचारा.

प्रोसेसरचं मी थोडक्यात सांगतो. नवीन बनवत असाल तर एएमडीचं एएम ५ सॉकेट (बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा) घ्या, २०२२ ला आलेलं आहे आणि एएमडीने २०२७ पर्यंत तरी ते चालू ठेवायचं सांगितलंय, म्हणजे उद्या फक्त प्रोसेसर बदलून काम भागेल. एएमडीचा रायझन ५ ७६०० हा सहा कोरचा साधा सरळ प्रोसेसर, सोबत कूलर येतो, मध्यम कार्डाला व्यवस्थित पुरतो. ७८००एक्स३डी वगैरे भारीच आहे पण मध्यम कार्डासोबत तो घेणं म्हणजे तेच पैसे कार्डातून काढून घेणं. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाशेवटी एफ असेल तर त्यात डिस्प्ले नसतो, म्हणजे कार्डाशिवाय पडद्यावर काही दिसत नाही, रायझनच्या ७५००एफचंही तेच. डिस्प्ले असलेला घ्या असं मी सांगतो, कारण कधी कार्ड सर्व्हिसला गेलं तर पीसी बंद पडत नाही, अभ्यास, कॉलेजचं काम चालू राहतं. आणि कोणी तेराव्या-चौदाव्या जनरेशनचा आय ७, आय ९ वापरलेला विकत असेल तर जपून, त्या प्रोसेसरांत व्होल्टेजचा घोळ होता, ऑगस्ट २०२४ ला त्यावर बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट आलं, पण त्याआधी खराब झालेला तुकडा अपडेटने बरा होत नाही.

बोर्ड बी ६५० चिपसेटचा पुरे. रॅम डीडीआर ५, दोन कांड्या, एक नको, कारण दोन कांड्यांनी दोन रस्ते उघडतात आणि फरक खेळताना जाणवतो. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव भडकलेत, एआयवाल्यांची मागणी आहे म्हणून, तेव्हा जुन्या व्हिडिओतलं बजेट बघून जाऊ नका, त्याच आठवड्यातला भाव विचारा. एसएसडी एनव्हीएमई (थेट बोर्डावर बसणारी वेगवान), १ टीबी, कारण एकेक गेम आता शंभर जीबीच्या पुढे जातो आणि ५०० जीबी दोन महिन्यांत भरते.

एसएमपीएसवर, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यावर, मात्र मी थांबणार आहे. माझ्या पहिल्या पीसीला कॅबिनेटसोबत फुकट आलेला एसएमपीएस होता, वरती मोठा ५०० वॅटचा आकडा छापलेला, हातात घेतला तर रिकाम्या डब्यासारखा हलका. जुलैची संध्याकाळ होती, बाहेर धो धो पाऊस, लाइट दोनदा फडफडली, तिसऱ्यांदा आली तेव्हा टेबलाखालून फट् असा आवाज झाला आणि जळक्या वायरचा उग्र वास खोलीभर पसरला. एसएमपीएस गेला, जाताना बोर्ड घेऊन गेला आणि हार्डडिस्कही. मुलीच्या पहिल्या वाढदिवसाचे फोटो त्याच डिस्कवर होते, दुसरीकडे कुठेच नव्हते, ते परत मिळाले नाहीत. त्या दिवसापासून मी बजेट करताना एसएमपीएसचे पैसे सगळ्यात आधी बाजूला काढतो, उरलेल्यातून बाकीचं.

हिशोब अवघड नाही. रायझन ५ ७६०० पूर्ण जोरात ८८ वॅटपर्यंत ओढतो, आरटीएक्स ५०६० साधारण १४५ वॅट, आरएक्स ९०६० एक्सटी १६०च्या आसपास, बोर्ड, पंखे, एसएसडीचे पन्नासेक धरा, म्हणजे तीनशेच्या घरात. यावर चांगल्या कंपनीचा ५५० वॅट आरामात चालतो, पुढे मोठं कार्ड घ्यायचा विचार असेल तर ६५० घ्या. ८० प्लस ब्राँझ, गोल्ड हे जे स्टिकर असतं ते वीज किती वाया जाते ते सांगतं, आतला माल कसा आहे ते नाही, तेव्हा वॉरंटी किती वर्षं आहे ते बघा, पाच वर्षांच्या खाली मी घेत नाही. आणि मॉड्युलर (केबल सुट्या निघणारा) असेल तर त्याच्या केबल दुसऱ्या एसएमपीएसला कधीच लावू नका, टोक बसतं पण आतली जोडणी वेगळी असते आणि पार्ट जळतो.

त्याच्याच जोडीला घरातला प्लग. इलेक्ट्रिशियनला बोलवून त्या सॉकेटला अर्थिंग आहे ना ते तपासून घ्या, दहा मिनिटांचं काम आहे. कॅबिनेटच्या लोखंडाला हात लावल्यावर बारीक झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही असं समजा. यूपीएस घेताना व्हीएवर जाऊ नका, वॅट विचारा. ६०० व्हीएचे बरेचसे यूपीएस ३६० वॅटच देतात, तीनशेचा पीसी आणि वर मॉनिटर म्हटल्यावर तो ऐन गेममध्ये किंचाळून बंद पडणार. १००० किंवा ११०० व्हीएवाला घ्या, तो सहाशेच्या आसपास वॅट देतो. सेव्ह करून नीट बंद करायला दहा मिनिटं मिळाली की झालं.

कॅबिनेट पुढून जाळीचं घ्या. पुढे सबंध काच असलेलं दिसायला सुंदर असतं पण मे महिन्यात आपल्या खोलीतच तेहतीस-चौतीस डिग्री असतात, आत हवा गेली नाही तर कार्ड तापून स्वतःच वेग कमी करतं. पुढे दोन पंखे हवा आत ओढणारे, मागे एक बाहेर टाकणारा, एवढं बास. काढून धुता येणारी डस्ट फिल्टर हवीच, घोडबंदर रोडला मेट्रोच्या कामाच्या बाजूला राहणाऱ्या माझ्या मित्राची फिल्टर पंधरा दिवसांत राखाडी होते. कार्डाची लिहून ठेवलेली लांबी आणि कूलरची उंची इथे ताडून बघा.

खरेदीला जायच्या आधी तीन कोटेशन काढा, एक वाशी सेक्टर १७ मधून, एक लॅमिंग्टन रोडवरून, एक ऑनलाइन. प्रत्येक पार्टचं पूर्ण मॉडेल नाव, वॉरंटी आणि जीएसटीसकट भाव. १८ टक्के जीएसटी धरूनच तुलना करा, बिलाशिवाय स्वस्त देतो म्हणाले तर सरळ नाही म्हणा, कारण वॉरंटीला बिल लागतं आणि बिलावर सीरियल नंबर लागतो. प्रोसेसर सीलबंद बॉक्समधलाच घ्या, सुटा नको. लॅमिंग्टन रोडला जायचं तर ठाण्याहून दादर, तिथून चर्चगेट स्लो पकडून ग्रँट रोड. रविवारी जाऊ नका, बरीचशी दुकानं बंद असतात. कॅबिनेटचा खोका मोठा असतो, संध्याकाळच्या गर्दीत चढताच येणार नाही, दुपारी अडीच-तीनपर्यंत परत फिरा आणि लगेजच्या डब्यात चढा. आम्ही कॅबिनेट आणि मॉनिटर वाशीतून घेतले आणि बाकीचं बॅगेत बसेल असं तिकडून आणलं. दुकानातच जोडून घेणार असाल तर कार्ड काढून वेगळ्या बॉक्समध्ये आणा, खड्ड्यांत रिक्षा आदळली की लटकलेल्या कार्डाचा भार स्लॉटवर येतो.

जोडायच्या आदल्या दिवशी दुसऱ्या कॉम्प्युटरवरून ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोज ११ तयार करा आणि बोर्डाच्या साइटवरून लॅन-वायफायचा ड्रायव्हरही त्यातच टाकून ठेवा, कारण सेटअप इंटरनेट मागतो आणि नव्या बोर्डाचा वायफाय त्याला बरेचदा ओळखता येत नाही. आम्ही हे विसरलो होतो, शेवटी फोन यूएसबीला लावून नेट दिलं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, तेव्हा तो नको. मोठा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर, चुंबक असलेला, आणि स्क्रूसाठी मसाल्याच्या डब्यातल्या तीनचार वाट्या एवढं टेबलावर मांडा. वरचा पंखा बंद, पायाखाली सतरंजी नको, अधूनमधून एसएमपीएसच्या उघड्या लोखंडाला हात लावायचा, म्हणजे अंगातली स्थिर वीज पार्टांवर जात नाही.

प्रोसेसर बसवताना कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटच्या त्रिकोणाशी जुळवायचा आणि तो नुसता ठेवायचा, दाबायचा नाही. मग लिव्हर. ती अपेक्षेपेक्षा घट्ट असते. भाची अर्ध्यावर थांबली, "मामा, दाबू का? मोडेल असं वाटतंय." मी म्हटलं दाब, घट्टच असते ती. तिने श्वास रोखून दाबली, काळी प्लास्टिकची झाकणी टक् करून उडाली आणि सोफ्याखाली गेली. ती शोधून काढली, कारण बोर्ड वॉरंटीला पाठवताना सॉकेटवर ती झाकणी लागते. रॅम प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. डिस्प्लेची वायर कार्डाला, बोर्डाला नाही. कूलर वेगळा घेतला असेल तर त्याच्या बुडाचं पारदर्शक प्लास्टिक काढलं ना, ते दोघांनी बघा.

पहिल्यांदा चालू केल्यावर पंखे फिरतील आणि पडदा काळाच राहील. डीडीआर ५ असलेले बोर्ड पहिल्या वेळी रॅम तपासत बसतात, त्याला काही मिनिटं लागतात, तेवढ्यात घाबरून बटण दाबू नका. आमचा चौथ्या मिनिटाला आला. मग बायोसमध्ये जाऊन एक्स्पो (रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारं सेटिंग) चालू करा, नाहीतर ६००० ची रॅम ४८०० वर चालते, आणि विंडोजमध्ये डिस्प्ले सेटिंगला जाऊन ६० हर्ट्झचं १४४ किंवा १८० करा, हे करायचं राहून गेलेले कित्येक मॉनिटर मी बघितलेत.

सगळी बिलं फोनवर स्कॅन करून घरातल्या दोघांच्या मेलवर ठेवा, थर्मल कागदावरचं बिल वर्षभरात पुसट होतं. कार्डाचा आणि बोर्डाचा खोका माळ्यावर, सॉकेटची झाकणी एका छोट्या पिशवीत घालून बोर्डाच्याच खोक्यात, बाकीचे खोके रद्दीला.