पिकअप घ्यायची तर कोणाला काय विचारायचं

आंबिया बहाराचा संत्रा निघून गेला की आमच्या वरुड-मोर्शीकडे पोट्ट्यांना पिकअप घ्यायची हुक्की येते. मग गावातल्या दर गाडीवाल्याला गाठून एकच प्रश्न, "भाऊ, गाडी कशी हाय?" उत्तरही ठरलेलं, "मस्त हाय ना बे, घेऊन टाक."

या उत्तरात काही अर्थ नाही. ज्यानं कर्ज काढून गाडी दारात उभी केली तो चारचौघांत तिला नावं ठेवत नाही. ज्याची गाडी काल मिस्त्रीकडे गेली तो आज शिव्याच देणार. मी बरीच वर्षं पिकअप चालवून राहिलो. संत्रा, कापूस, सोयाबीन, मंडपाचं सामान, कधी म्हैसही नेली. माझंही मत गाडीपेक्षा माझ्या मालावर आणि माझ्या रस्त्यावर जास्त ठरतं. म्हणून मालकाचं मत घ्या, पण आधी त्याचा माल आणि रस्ता विचारा.

अमरावतीत बिस्किटांचे खोके दुकानोदुकानी टाकणाऱ्याची गाडी आणि वावरातून पांदणीनं संत्रा काढणाऱ्याची गाडी एकाच शोरूममधली असेल, पण पाच वर्षांनी दोघांचे पाटे (म्हणजे चाकांवरच्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा), क्लच आणि टायर पाहा, ओळख पटणार नाही. आता हिशोब करा. संत्र्याच्या एका कॅरेटमध्ये साधारण 20 किलो फळ, वर कॅरेटचं दीड-दोन किलो. म्हणजे 1,700 किलो क्षमतेच्या गाडीत कागदावर 77-79 कॅरेट बसतात. बागेत भरतात किती ते तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. शंभराच्या वर कॅरेट टाकून नागपूरच्या कळमना बाजारात जाणारा माणूस "पाटे लवकर गेले" म्हणत असेल, तर ती तक्रार पाट्यांची नाही. कापसाचं उलटं. वजन कमी, पण हौद्याच्या वर दोन माणूस उंच ढीग. त्याच्या गाडीचे पाटे चांगले राहतात, ॲव्हरेज मात्र वाऱ्याच्या अडथळ्यानं पडतं. तेव्हा विचारायचं असं: माल कोणता, एका खेपेला किती, डांबरी किती आणि पांदण किती, आणि घाट आहे का. परतवाड्याहून चिखलदऱ्याला माल चढवणाऱ्याचं क्लचबद्दलचं मत मी सपाटीवरच्या दहा जणांच्या मतापेक्षा वर धरतो.

दुसरा प्रश्न वर्षाचा. 1 एप्रिल 2017 पासून देशभर बीएस-4 हा गाडीच्या धुराचा नियम आला आणि 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6. नाव तेच, तोंड तेच, पण बीएस-6 मध्ये धूर साफ करायची बरीच जास्तीची यंत्रणा आली. 2016 ची गाडी चालवणारा काका जीव तोडून सांगतो, "इंजिनाले हात लावायची गरज नाही." खरं सांगतो तो, पण वेगळ्या इंजिनाबद्दल. नवी घेणाऱ्यानं 2020 नंतरच्या गाडीचाच मालक शोधावा. जुनी घेणाऱ्यानं काकाचं ऐकावं.

इंजिनाबद्दल

इथे लोक सीसीवर भांडतात. बोलेरो पिकअपचं इंजिन 2,523 सीसी, चार सिलिंडर. टाटा इंट्रा व्ही-50 चं 1,496 सीसी. पारावरचा शहाणा म्हणतो, मोठं इंजिन म्हणजे जास्त जोर. कागद पाहिला तर बोलेरोचा टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, 200 न्यूटन मीटरच्या आसपास, आणि व्ही-50 चा 220. मग फरक कुठे? जोर कोणत्या फेऱ्यांवर मिळतो त्यात. बोलेरोचा पूर्ण टॉर्क 1,400 आरपीएमपासून येतो, इंट्राचा 1,750 पासून. पाऊस पडून गेलेल्या काळ्या मातीत, भरलेली गाडी, पहिला गिअर, क्लच अर्धा सोडलेला. तिथे खालच्या फेऱ्यांवरचा जोर कामी येतो. हायवेवर चढ ओढताना तोच फरक जाणवतही नाही. म्हणून "दम आहे का" असं विचारू नका. "भरलेली गाडी पांदणीतून पहिल्यात उचलते का, का रेस वाढवून क्लच जाळावा लागतो?" असं विचारा. क्लच प्लेट किती वर्षांनी बदलली हेही त्यातच विचारून घ्या.

ॲव्हरेजचा प्रश्न विचाराल तर "भरून जाताना की रिकामं येताना" हे जोडल्याशिवाय विचारू नका. आकडा फक्त टाकी फुल ते टाकी फुलचा माना. मीटरवरच्या स्क्रीनचा आकडा सांगणारा बिचारा खोटं बोलत नाही, पण त्या आकड्यानं डिझेलचं बिल भरता येत नाही.

आमच्याकडचा खरा वैरी ऊन. एप्रिल-मेमध्ये विदर्भात पारा 45 च्या वर जातो, तेव्हा इंजिन गरम होण्याची तक्रार गावोगाव ऐकू येते आणि दोष सरळ गाडीला दिला जातो. अशा मालकाला विचारा, रेडिएटरमध्ये काय टाकता? दर्यापूर, अकोला, शेगाव हा सगळा पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. तिथलं बोअरचं पाणी माणसाला पिववत नाही आणि लोक ते रेडिएटरमध्ये ओततात. क्षारांचा थर आतून नळ्यांवर बसतो, पाणी फिरत नाही, मग मे महिन्यात काटा वर चढतो. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर टाकणाऱ्याची तक्रार असेल तरच ती ऐकण्यासारखी. दुसरी गोष्ट जिनिंगची. कापूस वाहणाऱ्या गाडीच्या रेडिएटरच्या जाळीवर रुईचे तंतू आणि धूळ मिळून नमद्यासारखा थर धरतो. तो पंख्याच्या बाजूनं बाहेरच्या दिशेनं, हलक्या दाबाच्या हवेनं काढायचा. समोरून जोरात पाण्याचा फवारा मारला तर कचरा आत जातो आणि पत्रेही वाकतात. कापसाच्या हंगामात हे दर पंधरवड्याला करावं. एअर फिल्टरही त्याच दिवशी काढून पाहा.

बीएस-6 वाल्याला एक प्रश्न खास: जिनिंगच्या किंवा बाजार समितीच्या रांगेत इंजिन चालू ठेवून बसता का? ज्या गाडीत डीपीएफ, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवरची काजळी अडवणारी जाळी, आहे तिच्या त्या जाळीत काजळी साठते. ती जाळायला गाडी काही वेळ एका वेगानं चालावी लागते. गाव ते बाजार चार किलोमीटर, बाकी वेळ रांगेत घुरघुर, असं चाललं की मीटरजवळचा डीपीएफचा दिवा लागतो. दिवा लागला की मॅन्युअलमध्ये सांगितलंय तसं हायवेवर एक चक्कर मारून आणा. दिवा लागूनही दिवस-दिवस तशीच फिरवाल तर सर्व्हिस सेंटरचं बिल येतं. अशा गाडीत मोबिल ऑइलही डब्यावर सीके-4 लिहिलेलं किंवा मॅन्युअलमध्ये दिलेलं टाका. ट्रॅक्टरसाठी आणलेलं उरलंसुरलं तिच्यात नको. तसंच घरच्या ड्रममधलं डिझेल. कॉमन रेलच्या, म्हणजे फार जास्त दाबानं डिझेल फवारणाऱ्या इंजिनाच्या, इंजेक्टरला पाणी आणि गाळ अजिबात चालत नाही. पावसाळ्यात डिझेल फिल्टरखालचा पेच सोडून साचलेलं पाणी काढणाऱ्या मालकाला शोधा. त्याच्या बाकीच्या मतांवरही बिनधास्त विश्वास ठेवा.

टायरचं मत पंक्चरवाल्याकडून

टायरबद्दल मालकाला विचारूच नका, पंक्चरवाल्याला विचारा. मालक ज्या ब्रँडचे पैसे मोजून बसला त्याचंच गुणगान करतो. पंक्चरवाल्यानं मात्र फाटलेले सगळे टायर आतून पाहिलेले असतात. कोणता बाजूनं फुगतो, कोणाच्या काठाची तार उघडी पडते, ते तो चहा पिता पिता सांगतो.

आमच्याकडे टायर मरतात ते बाभळीच्या काट्यानं कमी आणि पऱ्हाटीच्या, तुरीच्या खुंटांनी जास्त. काटा खालून शिरतो, त्याचं पंक्चर निघतं. खुंट बाजूला घुसतो, आणि टायरची बाजू फाटली की तो टायर गेला. म्हणून वावरात गाडी घालणाऱ्यानं बाजू जाड असलेलाच टायर पाहावा. पुढे रिब म्हणजे उभ्या रेघांचं डिझाइन, मागे लग म्हणजे आडव्या खोल खाचांचं. लग काळ्या चिखलात धरतं, डांबरीवर आवाज करतं आणि थोडं डिझेल जास्त पितं. ज्याचा ऐंशी टक्के रस्ता डांबरी आहे त्यानं चारही चाकांना रिब लावलं तरी चालतं. वर्षातून दोनदा फसेल, तेव्हा शेजाऱ्याचा ट्रॅक्टर आहेच.

टायर घेताना बाजूवरचे आकडे वाचायला शिका. साइजच्या पुढे जो आकडा असतो तो वजनाचा निर्देशांक. 100 म्हणजे एका टायरला 800 किलो, 104 म्हणजे 900, 108 म्हणजे 1,000 आणि 113 म्हणजे 1,150. दुकानात कधी कधी एसयूव्हीचा टायर दाखवतात. रिमवर बसतो, दिसतो तसाच, स्वस्तही पडतो, पण वर लिहिलेलं असतं 100. मागच्या दोन टायरवर गाडीचं मागचं वजन आणि जवळजवळ सगळा माल येतो, तिथे तो टिकणार कसा? गाडीसोबत आलेल्या टायरवर जो निर्देशांक किंवा जे पीआर (प्लाय रेटिंग, टायरच्या मजबुतीचा आकडा) आहे, त्याच्या खाली उतरायचं नाही, दुकानदार कितीही "सब लोक हेच नेतात साहेब" म्हणो.

मग तारीख. डीओटी या अक्षरांच्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. 2323 म्हणजे 2023 सालचा तेविसावा आठवडा. "नवा" म्हणून तीन वर्षं दुकानात पडलेला टायर घेऊ नका. जुनी गाडी पाहताना हेच आकडे गाडीच्या कहाणीशी जुळवा. मालक म्हणतो "टायर ओरिजिनल, गाडी फार फिरली नाही," आणि टायर गाडीपेक्षा तीन वर्षांनी लहान निघतात. म्हणजे मीटरचा आकडा विसरा.

हवा सकाळी, गाडी हलण्याआधी तपासायची. उन्हात चालून आलेल्या टायरमध्ये दाब वाढलेला दिसतोच. तो पाहून हवा सोडणारे महाभाग दर पंपावर भेटतात. गरम टायरची हवा सोडली की थंड झाल्यावर ती कमी पडते, भरलेल्या गाडीत टायरची बाजू वाकत राहते, आणखी तापते, आणि दुपारी दोन वाजता समृद्धीवर किंवा अमरावती-नागपूर रस्त्यावर फुटते. पुढच्या आणि मागच्या टायरचा दाब वेगळा असतो, भरलेल्या आणि रिकाम्या गाडीचाही. मॅन्युअलमधला आकडा पाहून फाळक्याच्या आतून रंगानं लिहून ठेवा, ड्रायव्हर बदलला तरी आकडा राहतो.

रिमोल्ड, म्हणजे जुन्या टायरवर नवा रबर चढवलेला, मागे चालेल, केसिंग म्हणजे आतला जुना सांगाडा चांगला असेल तर. पुढे कधीच नाही. पुढचा फुटला तर स्टिअरिंग हातात राहत नाही.

रोजच्या भरवशाबद्दल

"बंद पडते का?" हा प्रश्न अर्धा आहे. पडली तर किती दिवस उभी राहते, हा उरलेला अर्धा. संत्र्याचा तोडा चालू असताना गाडी चार दिवस नागपूरच्या सुट्या भागाची वाट पाहत उभी राहिली, तर शोरूममधला सूट कधीच निघून गेला. म्हणून गाडी ठरवायच्या आधी तालुक्याच्या स्पेअर पार्ट दुकानात जा आणि काउंटरवर पाच मिनिटं नुसते उभे राहा. ज्या गाडीचा क्लच सेट, व्हील बेअरिंग, प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस, ब्रेक शू मागितला की लगेच फळीवरून निघतो, ती गाडी इथे चालवायला सोपी. जो भाग दुकानदार ढिगानं ठेवतो तोच जास्त जातो, हेही तिथेच कळतं. मग मिस्त्रीला विचारा, याचा स्कॅनर तुमच्याकडे आहे का? नसेल तर सेन्सरच्या एका बिघाडासाठी गाडी टोचण लावून शहरात जाईल.

मालकापेक्षा त्याचा ड्रायव्हर बरा साक्षीदार, पण मालक जवळ नसताना. टपरीवर विचारा, "तिसरा गिअर उडते का? ब्रेक भरून असताना कसा धरते?" एका ड्रायव्हरनं मला सांगितलं होतं, "गाडी चांगली हाय भाऊ, पण मालकाले सांगू नका मी सांगतलं म्हणून, याचा मागचा ब्रेक मीच पंप करून मारतो." ती गाडी मी घेतली नाही.

जुनी पाहायला गेलात तर पहाटे जा, आणि आधी सांगून ठेवा की इंजिन गरम करून ठेवू नका. बॉनेटवर हात ठेवा, कोमट असेल तर परत या. सुरू झाल्यावर ऑइलचं झाकण सैल करून पाहा. आतून वाफेचा जोर येत असेल तर रिंग-पिस्टन झिजलेत. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा धूर बऱ्याचदा एअर फिल्टर किंवा इंजेक्टरचा, तो सुधारतो. पांढरा गरम झाल्यावरही थांबत नसेल तर नादी लागू नका. मग खाली वाका. मागच्या पाट्यांच्या हँगरजवळ चेसिसवर वेल्डिंग किंवा ताजा काळा रंग दिसला, तर गाडी ओव्हरलोडची आहे. रिव्हर्स घालताना खालून टक् आवाज आला तर क्रॉस गेलेला, त्याचा खर्च थोडाच, भाव कमी करायला कामी येतो. शेवटी हौद्यात गिट्टी किंवा पोती टाकून चालवा. रिकामी गाडी कोणतीही उडते.

ओव्हरलोडबद्दल एवढंच, की 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 मध्ये 20,000 रुपये आणि वरच्या दर टनाला 2,000 रुपये दंड आहे. एका खेपेचं भाडं त्यात बुडतं.

कागदांत आरसीवर फायनान्सचा बोजा आहे का पाहा. असेल तर फॉर्म 35 आणि फायनान्सवाल्याची एनओसी हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. नाव बदलायला फॉर्म 29 आणि 30 लागतात, त्यावर सही घेऊन ठेवा. फिटनेस कधीपर्यंत आहे तेही वाचा. मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दर वर्षी पासिंग करावं लागतं. पुढच्याच महिन्यात पासिंग असेल तर टायर, ब्रेक, लाइट यांचा खर्च तुमच्या गळ्यात पडणार, तेव्हा तेवढे पैसे सौद्यातून आधीच वजा करून बोला.