हार्डनेस आला नाही म्हणून भट्टीचं तापमान वाढवताय? आधी या चुका टाळा

कोल्हापुरातल्या शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा उद्यमनगरातल्या हीट ट्रीटमेंटच्या (पोलाद तापवून-थंड करून त्याचा हार्डनेस, म्हणजे कडकपणा, ठरवण्याच्या) शेडमध्ये एक वाक्य हमखास कानावर पडतं: "हार्डनेस कमी आलाय, पुढच्या चार्जला तीस डिग्री वाढवा." कधी हा उपाय लागू पडतो, तर कधी त्यानेच अख्खा चार्ज, म्हणजे भट्टीत एका वेळी भरलेला माल, वाया जातो. आता नेमकं काय करायचं, हे रॉकवेलचा (हार्डनेस मोजणाऱ्या यंत्राचा) आकडा एकटा सांगू शकत नाही. पोलादात कोणती फेज (आतली रचना) तयार झाली आणि कोणती राहून गेली, ते शोधावंच लागतं.

साध्या कार्बन पोलादाने ७२७ अंश सेल्सिअस ओलांडले की पर्लाइट मोडून ऑस्टेनाइट (गरम पोलादातली रचना) व्हायला लागतं. ते बराच कार्बन स्वतःत विरघळवून घेतं. सावकाश थंड केलं तर कार्बन ऑस्टेनाइटमधून बाहेर पडतो आणि फेराइट (जवळपास शुद्ध लोखंड) व सिमेंटाइट (लोखंड-कार्बनचं संयुग) यांचे थर, म्हणजे पर्लाइट, परत तयार होतात. झपाट्याने थंड केलं तर कार्बनला बाहेर पडायला सवडच मिळत नाही, तो आतच अडकतो आणि मार्टेन्साइट बनतं. हार्डनेस येतो तो या अडकलेल्या कार्बनमुळे.

तापमान वाढवण्याआधी

पहिलं काम म्हणजे जॉबचा (हार्डनिंगला आलेल्या भागाचा) पृष्ठभाग अर्धा मिलिमीटर ग्राइंड करून रीडिंग पुन्हा घेणं. खाली हार्डनेस बरोबर असेल तर पृष्ठभागावरचा कार्बन भट्टीत जळालाय. तिथे तापमान वाढवलं तर उलट आणखी कार्बन जाईल.

खालीही कमीच असेल, तर मटेरियल बघा. ईएन-८ या ग्रेडच्या पोलादात कार्बन सुमारे ०.४ टक्के. त्याचा जॉब ७६० अंशांवरच भट्टीतून काढला तर थोडं फेराइट न बदलता राहतं आणि कितीही जोरात क्वेंच केलं (टाकीत बुडवून झटकन थंड केलं) तरी मऊच राहतं. इथे तापमान खरंच वाढवायला हवं, ८३० ते ८६० पर्यंत. पण सोकिंगचा (त्या तापमानावर धरून ठेवण्याचा) वेळ जॉब तापल्यापासून मोजा, मीटरवर आकडा आल्यापासून नाही. थर्मोकपल (मीटरचा तापमान मोजणारा सेन्सर) भिंतीजवळ आणि जाड शाफ्ट चार्जच्या मधोमध असेल तर दोघांत चांगलाच फरक पडतो.

जाड ईएन-८ ऑइलमध्ये टाकून गाभ्यापर्यंत हार्डनेस मागणाऱ्यांना मात्र स्पष्ट सांगा की तो येणार नाही. तिथे तापमानाचा दोष नाही. गाभा थंड होईपर्यंत पर्लाइट तयार झालेलं असतं. अशा वेळी ईएन-१९ किंवा ईएन-२४ ही मिश्र पोलादं घ्या, ती जाड जॉबमध्येही खोलवर कडक होतात.

ईएन-३१ चं गणित उलटं आहे

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. या पोलादात कार्बन जवळपास १ टक्का, शिवाय क्रोमियम. हार्डनिंग ८०० ते ८४० अंशांच्या दरम्यान करतात, कारण काही कार्बाइड (कार्बनच्या कडक संयुगांचे कण) न विरघळता राहायला हवेत. झीज तेच रोखतात. ९०० च्या वर गेलात की कार्बाइड विरघळतात, ऑस्टेनाइटमधला कार्बन वाढतो आणि मार्टेन्साइट पूर्ण होण्याचं तापमान शून्याच्याही बरंच खाली घसरतं. जॉब क्वेंचच्या टाकीतून बाहेर आला तरी आत ऑस्टेनाइट शिल्लकच. रॉकवेल ६२ ऐवजी ५७ दाखवतो आणि आपण तापमान आणखी वाढवतो!

खात्री करायची असेल तर त्याच चार्जमधला, टेम्परिंग (क्वेंचनंतर ठिसूळपणा घालवायला पुन्हा बेताने तापवणं) न केलेला एक नमुना उणे ७० ते ८० अंशांपर्यंत थंड करा. हार्डनेस दोन-चार पॉइंटने चढला तर शिल्लक ऑस्टेनाइटच कारण. मग भट्टी खाली आणा. असा जॉब तसाच पाठवला तर पुढे वापरात ते ऑस्टेनाइट बदलतं, माप वाढतं आणि बसवलेली पिन जाम होते.

टाकी आणि टेम्परिंग

क्वेंचिंग ऑइल साधारण ५० ते ७० अंशांवर ठेवा आणि हलतं ठेवा. नाहीतर जॉबभोवती वाफेचं आवरण टिकून राहतं आणि मऊ डाग पडतात. कोल्हापूरच्या जुलैतल्या पावसात पत्र्यातून गळणारं पाणी टाकीच्या तळाशी साचतं. त्याने क्रॅक तर येतातच, शिवाय तापलेला जॉब पडताच ऑइल उसळून आग लागू शकते. पावसाळ्यात तळाचा नमुना काढून पाणी तपासत जा, ही खरंच जिवाची गोष्ट आहे.

संध्याकाळी क्वेंच आणि सकाळी टेम्परिंग, ही सवय सोडा. ऑस्टेनाइटचं मार्टेन्साइट होताना आकारमान सुमारे ४ टक्के वाढतं. त्या ताणाने जॉब रात्रीत तडकतो. हाताला कोमट लागेल इतका उतरला की लगेच टेम्परिंगला लावा.

ईएन-२४ च्या ड्रॉइंगवर ४८ ते ५० एचआरसी (रॉकवेलच्या सी मोजपट्टीवरचा आकडा) दिसलं तर चार्ज भरण्याआधी गिऱ्हाइकाला फोन करा. हा हार्डनेस मिळवायला टेम्परिंग साधारण ३०० ते ३५० अंशांवर करावं लागतं, आणि नेमक्या याच पट्ट्यात हे पोलाद ठिसूळ होतं. रॉकवेलला ते कळत नाही. शाफ्टला झटका बसल्यावर कळतं. चिवटपणा हवा असेल तर ५५० च्या वरचं टेम्परिंग आणि त्यासोबत उतरलेला हार्डनेस चालेल का, ते विचारा, आणि उत्तर जॉब कार्डवर लिहून घ्या.