गोळ्या घ्यायचं थांबवलं, की गोळ्या घ्यायला थांबल्या?

परदेशी नोकरीसाठी ओईटी ही आरोग्य क्षेत्रातल्यांची इंग्रजी परीक्षा देणाऱ्या नर्सेसना मी इंग्रजी शिकवते. या परीक्षेत ४५ मिनिटांत साधारण १८० ते २०० शब्दांचं पत्र लिहायचं असतं, बहुतेकदा पेशंटला पुढे पाठवताना. सरावाच्या पत्रात एकीने लिहिलं, ‘शी स्टॉप्ड टू टेक हर टॅब्लेट्स.’ तिला सांगायचं होतं की आजींनी बीपीच्या गोळ्या घेणं थांबवलं. कागदावर उतरलं ते असं: आजी थांबल्या, गोळ्या घ्यायला. हवं होतं ‘स्टॉप्ड टेकिंग’. अशी चूक मी कधीच सोडून देत नाही, कारण वाचणारा डॉक्टर त्या ओळीवरून पुढचं औषध ठरवणार असतो.

कोणत्या क्रियापदापुढे ‘टू’ आणि कोणत्यापुढे ‘इंग’, याच्या याद्या पाठ करू नका. वाक्य आधी मराठीत मोठ्याने म्हणा आणि क्रियापदाचं शेपूट ऐका. ‘घ्यायला थांबल्या’ यातला ‘-यला’ म्हणजे ‘त्यासाठी’. तिथे ‘टू’. ‘घेणं थांबवलं’ यातलं ‘-णं’ म्हणजे त्या कामाचं नाव. तिथे ‘इंग’. बोलताना आपण ‘घ्यायचं थांबवलं’ असंही म्हणतो, पण त्या जागी ‘घेणं’ घालून वाक्य नीट बसलं की ‘इंग’च. ‘वजन उचलणं टाळा’ हेही तसंच: ‘अव्हॉइड लिफ्टिंग’.

‘रिमेंबर’ला ड्यूटी बदलताना फार जपा. ‘इंजेक्शन दिल्याचं आठवतंय’ म्हणजे काम झालेलं आहे, आठवण मागाहूनची: ‘आय रिमेंबर गिव्हिंग इट’. ‘द्यायचं लक्षात ठेव’ यात काम अजून पुढे आहे: ‘रिमेंबर टू गिव्ह इट’. मराठीत यासाठी दोन वेगळी क्रियापदं आहेत, इंग्रजीत एकच, त्यामुळे सगळा भार शेपटावर येतो. ‘द्यायला विसरले’ म्हणजे ‘आय फरगॉट टू गिव्ह इट’, अर्थात डोस गेलेलाच नाही.

माझं सर्वात आवडतं ‘ट्राय’. पक्षाघाताच्या पेशंटला सांगतो, ‘हात उचलायचा प्रयत्न करा’: ‘ट्राय टू लिफ्ट युअर आर्म’. उचलता येईल की नाही, हाच तिथे प्रश्न आहे. पायाला सूज असेल तर मात्र ‘पाय उंच ठेवून बघा’: ‘ट्राय रेझिंग युअर लेग’. पाय उंच ठेवता येतोच, उतार पडतो का ते पाहायचं. मराठीतलं ‘-ऊन बघा’ ऐकू आलं की डोळे मिटून ‘इंग’ लावा.

‘यूज्ड टू’चा घोळही असाच सुटतो. ‘त्या इन्सुलिन घ्यायच्या’, म्हणजे आता घेत नाहीत: ‘शी यूज्ड टू टेक इन्सुलिन’. ‘त्यांना इन्सुलिन घ्यायची सवय आहे’, म्हणजे अजून चालू आहे: ‘शी इज यूज्ड टू टेकिंग इन्सुलिन’. एक ‘इज’ आणि एक ‘इंग’ राहून गेलं, तर चालू असलेलं इन्सुलिन कागदावर बंद होतं.

‘स्टार्ट’ आणि ‘बिगिन’ यांच्यापुढे ‘टू’ आलं काय किंवा ‘इंग’ आलं काय, सहसा काहीच फरक पडत नाही, तिथे वेळ घालवू नका. तो वेळ आपल्याच वॉर्डातल्या दहा वाक्यांना द्या: आधी मराठी, मग शेपूट, मग इंग्रजी.