मास्टर प्लॅनवर हरकत घ्यायला गल्लीला तयार कसे करावे

बेळगावात मास्टर प्लॅनची, म्हणजे कोणती जमीन कशासाठी वापरायची हे ठरवणाऱ्या आराखड्याची, चर्चा बहुतेक वेळा शेतात खुणेचे दगड पडल्यावर सुरू होते, आणि तोवर हरकतीची मुदत उलटलेली असते. कर्नाटक नगर व ग्राम नियोजन कायदा १९६१ च्या कलम १३ प्रमाणे, सरकारकडून परत आलेला आराखडा नियोजन प्राधिकरण प्रसिद्ध करते आणि तेव्हापासून ६० दिवस लोकांचे लेखी म्हणणे घेते. शहराच्या नियोजन क्षेत्रात हे काम ‘बुडा’चे, म्हणजे बेळगाव नगरविकास प्राधिकरणाचे. एवढ्या मुदतीत माणसे गोळा करून, त्यांना नकाशा शिकवून, वर हरकत लिहून होत नाही. म्हणून शिकवणी आधीच उरकावी, आणि सरावाला सध्या लागू असलेल्या प्लॅनचाच नकाशा घ्यावा.

वीस-पंचवीस माणसे पुरेत. त्याहून जास्त झाली की मागच्यांना नकाशा दिसत नाही आणि बैठकीची सभा होते. त्यात शेतकरी, मागवाले, भाडेकरू, दुकानदार असे सगळे हवेत आणि निम्म्या तरी बायका हव्यात. उताऱ्यावर नाव नाही म्हणून बायका आणि भाडेकरू मागे राहतात, पण कायदा मालकी विचारत नाही. कलम १३ मध्ये कोणाही नागरिकाला म्हणणे मांडता येते. पहिल्याच बैठकीत हे ठासून सांगा. जून-जुलैची पेरणी-लावणी, गणेशोत्सव आणि सुगीचे दिवस टाळून, आठवड्याच्या अंतराने दोन-दोन तासांच्या तीन बैठका ठेवा. शाळेचा वर्ग किंवा देवळाचा मंडप चालेल. मात्र नकाशा जमिनीवर पसरून चारी बाजूंनी बसता आले पाहिजे.

पहिली बैठक नकाशा वाचण्याची. आपल्या भागाच्या मोठ्या छपाईच्या चार प्रती, ट्रेसिंग पेपर, पट्टी आणि रंगीत पेन्सिली एवढेच सामान लागते. आधी प्रत्येकाला आपले घर शोधू द्या, मग शाळा, नाला, स्मशान. यात अर्धा तास गेला तरी चालेल. घर सापडल्याशिवाय माणूस नकाशाला आपला मानत नाही. नंतर रंग घ्या. साधारणपणे पिवळा म्हणजे रहिवासी, निळा व्यापारी, जांभळा औद्योगिक, लाल सार्वजनिक, हिरवा बाग किंवा मैदान आणि फिकट हिरवा शेती. तरी प्रत्येक नकाशाची सूची वाचूनच बोलावे.

सूची कानडीत असते, आणि इथेच पुष्कळ जण हात टेकतात. खरे तर दहा-बारा शब्दांत काम भागते. वसती म्हणजे रहिवासी, वाणिज्य म्हणजे व्यापारी, कैगारिके म्हणजे उद्योग, कृषी म्हणजे शेती, उद्यानवन म्हणजे बाग, केरे म्हणजे तळे, हळ्ळ म्हणजे ओढा, रस्ते म्हणजे रस्ता, महायोजने म्हणजे मास्टर प्लॅन, प्रकटणे म्हणजे जाहीर सूचना, आक्षेपणे म्हणजे हरकत, सलहे म्हणजे सूचना. हे शब्द कानडी लिपीत पुठ्ठ्यावर लिहून भिंतीला लावा. कानडी शाळेत गेलेली मुले गल्लीत असतातच. त्यांना या बैठकीला आवर्जून बसवा.

मोजमापात सर्वांत मोठी चूक झेरॉक्समुळे होते. नकाशावर १:१०,००० लिहिले असेल तर मूळ छपाईत १ सेंटिमीटर म्हणजे १०० मीटर. प्रत लहान-मोठी झाली की हा हिशेब खोटा ठरतो, पण नकाशावर छापलेली प्रमाणपट्टी नकाशाबरोबरच लहान-मोठी होते. म्हणून मोजायचे ते या प्रमाणपट्टीवरूनच. एक उदाहरण सर्वांकडून करून घ्या: १८ मीटर रुंदीचा रस्ता शेतातून १०० मीटर जातो, म्हणजे १,८०० चौरस मीटर. एक गुंठा १०१.१७ चौरस मीटरचा, म्हणून जवळजवळ पावणेअठरा गुंठे जमीन त्यात जाते. हा आकडा स्वतः काढला की नकाशावरच्या बारीक रेघेचा अर्थ कळतो.

दुसरी बैठक पायी. चार-पाच जणांचा एक गट करा आणि प्रत्येक गटाला दीड-दोन किलोमीटरचा टप्पा वाटून द्या. सोबत नकाशाचा तुकडा, वही आणि दिशांक ॲप असलेला एक मोबाइल. या ॲपवर उभ्या जागेचा सर्व्हे नंबर दिसतो. तो आरटीसी उताऱ्याशी (कर्नाटकातल्या सातबाऱ्याशी) ताडून घ्या, कारण हद्दीजवळ मोबाइलची जागा काही मीटर सरकते. कागदावर नसलेल्या गोष्टी शोधणे हे या फेरीचे काम. बळ्ळारी नाल्याच्या काठाला पावसाळ्यात पाणी कुठवर चढते, बासमती पिकणारी भातजमीन कुठे रहिवासी रंगवली आहे, वडगाव-खासबागेत कोणत्या घरांत माग चालतात, बैलगाडीची वाट कुठे संपते. प्रत्येक जागेला क्रमांक, तारीख आणि फोटो द्या. पाण्याचा पुरावा पावसातच मिळतो. उन्हाळ्यात काढलेला कोरड्या नाल्याचा फोटो उलटा तुमच्याविरुद्ध जाईल.

तिसऱ्या बैठकीत लिहायचे. चांगल्या हरकतीत चार गोष्टी असतात: जागा, नकाशात काय दाखवले आहे, प्रत्यक्षात काय आहे, आणि नेमका कोणता बदल हवा. उदाहरणार्थ: ‘सर्व्हे नंबर अमुक, हिस्सा अमुक, क्षेत्र २ एकर १० गुंठे. हा भाग रहिवासी दाखवला आहे. पावसाळ्यात इथे नाल्याचे पाणी उभे राहते, फोटो क्रमांक १ व २ पाहावेत. हा भाग शेतीतच ठेवावा.’ पान-दीड पानात हे बसते. ‘आमच्यावर अन्याय झाला आहे’ एवढेच लिहिलेल्या कागदावर अधिकाऱ्याला काही ठरवता येत नाही. दोनशे सह्यांचा एकच छापील अर्ज एकच मुद्दा मांडतो. त्यापेक्षा वीस जणांचे वीस जागांचे अर्ज जास्त काम करतात. भरपाईचा विषय यात घालू नका. तो भूसंपादनाच्या वेळचा, आणि इथे घातला की मूळ मागणी झाकली जाते.

भाषेबद्दल एवढे ध्यानात ठेवा. राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद ३५० ने दिला आहे, तेव्हा मराठीत अर्ज करायला कचरू नये. सोबत कानडी भाषांतर मात्र जोडाच. त्याने हक्क कमी होत नाही, आणि फाइल वाचणाऱ्याला तुमचा मुद्दा पहिल्या दिवशी कळतो. भाषांतरात सर्व्हे नंबर आणि आकडे दोन जणांनी ताडून पाहावेत. आकडा चुकला की हरकत भलत्याच शेताला लागते.

अर्ज दोन प्रतींत न्या, एकीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेऊन परत आणा. पन्नासाव्या दिवसाच्या आत सगळे दाखल झाले पाहिजे. शेवटच्या आठवड्यात गर्दी, सुट्ट्या आणि राहिलेले उतारे एकदमच अंगावर येतात. नकाशाची प्रत माहिती अधिकारात मागायची तर पहिल्याच दिवशी मागा, कारण उत्तराला ३० दिवस लागू शकतात. अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत हवा, शुल्क १० रुपये.

आराखडा मंजूर झाल्यावरही गटाने मोडू नये. कलम १४-अ खाली एकेका जागेचा वापर बदलता येतो, आणि त्याची जाहिरात वृत्तपत्रात देऊन हरकती मागवाव्या लागतात. अशा जाहिराती लहान असतात आणि आतल्या पानावर येतात. गटातल्या दोघांनी रोज, एकाने कानडी आणि एकाने मराठी, वृत्तपत्र त्यासाठीच चाळावे आणि सर्व्हे नंबर आपल्या शिवारातला निघाला तर त्याच दिवशी सर्वांना कळवावे.