होडी वर ओढताना दोराच्या वाटेत उभं राहू नका

1 जूनपासून यांत्रिक नौकांची मासेमारी बंद होते. त्यामुळे मेच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या किनाऱ्यावर होड्या वर घ्यायची एकच गडबड असते. पाणी उतरायच्या आत होडी वर आली पाहिजे, म्हणून सगळे घाईत. अपघात होतात ते याच घाईत.

माझ्या काकांचा पाय असाच मोडला. नायलॉनचा दोर होता, होडी वाळूत रुतली होती, आणि विंच (दोर ड्रमवर गुंडाळून ओढणारं यंत्र) चालवणारा थांबला नाही. दोर बघता बघता बारीक झाला, त्यातून पाणी पिळून निघालं, करकर असा कोरडा आवाज आला. टोक उलटून आलं ते कुणाला दिसलंसुद्धा नाही. काका दोरापासून जेमतेम दोन हातांवर उभे होते.

नायलॉन रबरासारखा ताणतो, आणि तुटला की साठलेली सगळी ओढ एका झटक्यात मोकळी होते. वायररोप, म्हणजे पोलादी तारांचा दोर, कमी ताणतो, पण तोही फटकारतो. म्हणून ओढ लागली की दोराच्या रेषेत किंवा जवळपास कुणी नको, आणि दोर ओलांडून तर कुणीच जायचं नाही. दोर कप्पीवरून वळतो तिथला आतला कोपरा सगळ्यात वाईट. कप्पी सुटली तर दोर सरळ तिथूनच जातो. दोराच्या मध्यावर ओलं, जड गोणपाट टाका. तुटलाच तर उसळी थोडी तरी कमी होते.

कप्पीबद्दल एक गोष्ट बरेच जण विसरतात. विंचचा दोर होडीवरच्या कप्पीतून परत विंचच्या बाजूला आणून पक्का बांधला, तर दोरावरचा भार जवळजवळ निम्मा होतो. पण कप्पीच्या शॅकलवर (कप्पी होडीला जोडणारी लोखंडी कडी) सगळा भार येतो. आणि दिशा बदलायला माडाला कप्पी बांधली, दोर तिथून काटकोनात वळला, तर माडावर दोराच्या ओढीच्या जवळजवळ दीडपट ताण येतो. पूर्ण उलटा वळला तर दुप्पट. बांधायचंच तर बुंध्याशी, अगदी जमिनीलगत बांधा.

दोराला गाठ मारू नका, गाठीने ताकद निम्म्यापर्यंत घटते. टोकाचे पेड उसवून दोरातच विणलेला डोळा (कायमचा फासा) चांगला. वायररोपचं टोक वळवून डोळा केला, तर निदान तीन क्लिपा लावा. क्लिपचा यू आकाराचा बोल्ट वळवलेल्या आखूड टोकावर, बसकट भाग ओढ घेणाऱ्या दोरावर. विंचच्या ड्रमवर चार-पाच वेढे कायम शिल्लक राहू द्या. वायररोपला हात लावताना चामड्याचे हातमोजे हवेतच, तुटक्या तारा तळहात फाडतात.

खुणा एकानेच करायच्या. "थांब" मात्र कुणीही ओरडलं तरी विंच थांबलीच पाहिजे. ओंडके पठाणाखाली, म्हणजे होडीच्या तळाच्या लांब लाकडाखाली, सरकवायचे ते काठीने, हाताने नाही. होडी हातभर पुढे आली की मागे पाचर लावत जा.

वर पोचल्यावर दोन्ही बाजूंनी टेकू बसले, हलवून पाहिले, की मगच विंच सैल करायची आणि शॅकल काढायचं.