कॅशमध्ये ‘नोंद नाही’ हे उत्तर साठवताना या चुका टाळा

कॅश (वारंवार लागणारी उत्तरं हाताशी ठेवणारी तात्पुरती साठवण) चालू आहे, तरी डेटाबेसवरचा ताण उतरत नाही आणि लॉगमध्ये अस्तित्वातच नसलेल्या ग्राहक क्रमांकाची क्वेरी पुन्हापुन्हा दिसते. असं झालं की आधी एवढंच बघा: ‘नोंद नाही’ हे डेटाबेसचं उत्तर कॅशमध्ये जातंय का? बऱ्याच कोडमध्ये फक्त सापडलेल्या नोंदी साठवतात. मग न सापडणाऱ्या नोंदीची प्रत्येक विनंती थेट डेटाबेसवर आदळते.

साठवलं तरी वाचताना घोळ होतो. पायथनच्या जँगो या वेब फ्रेमवर्कमध्ये ‘की’ (ज्या नावाखाली उत्तर साठवतात ते) नसेल तरी ‘नन’, म्हणजे ‘काहीच नाही’, मिळतं आणि साठवलेली किंमत (व्हॅल्यू) ‘नन’ असेल तरी तेच; म्हणून कॅश वाचणाऱ्या ‘गेट’ फंक्शनला डीफॉल्ट म्हणून स्वतःचा वेगळा ऑब्जेक्ट द्या. पीएचपीमधून मेमकॅश्ड हा कॅश सर्व्हर वापरताना ‘फॉल्स’चं असंच आहे, तिथे रिझल्ट कोड तपासावा लागतो. कॅशसाठी वापरतात त्या रेडिसच्या कीमध्ये नल (‘किंमतच नाही’ हे दाखवणारं मूल्य) ठेवताच येत नाही, तेव्हा खऱ्या डेटात कधीच येणार नाही अशी खूण ठरवा. आणि ‘किंमत असेल तर’ अशी ढोबळ अट लिहू नका. पायथनमध्ये त्या अटीत शून्य शिल्लक आणि रिकामी यादीसुद्धा ‘कॅशमध्ये नाही’ ठरतात, जरी ती अगदी बरोबर उत्तरं असली तरी.

माझ्या मते सगळ्यात घातक चूक वेगळीच आहे: बिघाडाला रिकामं उत्तर समजणं. क्वेरी टाइमआउट झाली, एरर पकडून कोडने रिकामी यादी परत केली आणि ती तासभरासाठी कॅशमध्ये बसली. डेटाबेस मिनिटभरात सावरतो, पण ग्राहकाला आपल्या ऑर्डर तासभर दिसत नाहीत. लॉगमध्येही एरर नसते, त्यामुळे शोधणारा भलतीकडेच शोधत बसतो. एरर आली तर कॅशमध्ये काहीही लिहू नका.

रिकाम्या उत्तराची मुदतही कमी हवी. डीएनएसमध्ये (वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणाऱ्या यंत्रणेत) ‘असं नाव नाही’ हे उत्तर कॅश करण्याचे नियम १९९८ च्या आरएफसी २३०८ या इंटरनेट मानकाच्या दस्तऐवजात आहेत. तिथे एक ते तीन तासांची मुदत चांगली चालते असं म्हटलंय. वेब ॲपमध्ये नोंदी सतत तयार होतात, तिथे मी तीस-साठ सेकंदांपासून सुरुवात करेन. नवी नोंद झाली की तिची खरी किंमत लगेच कॅशमध्ये लिहा, आणि रेडिसमध्ये ‘नाही’ची खूण कायम एनएक्स पर्यायाने (की आधीपासून नसेल तरच) लिहा, म्हणजे उशिरा पोचलेली खूण खऱ्या किमतीवर चढणार नाही.

कोणी मुद्दाम वाटेल ते क्रमांक पाठवत असेल, तर या खुणांनीच मेमरी भरते. तिथे आधी क्रमांकाचा साचा तपासा, मग ब्लूम फिल्टर (नोंद ‘नक्की नाही’ की ‘असू शकते’ एवढंच कमी मेमरीत सांगणारी रचना) लावा. मात्र नवी नोंद फिल्टरमध्ये घालायला विसरलात, तर आत्ताच नोंदणी केलेल्या ग्राहकाला तो बेधडक ‘नाही’ म्हणेल.