ओआरएम वापरताना डेटाबेसवर नजर कशी ठेवावी

रिलेशनल डेटाबेस माहिती टेबलांमध्ये, म्हणजे ओळी आणि कॉलम यांच्या रूपात साठवतो. प्रोग्राम मात्र तीच माहिती ऑब्जेक्टच्या रूपात हाताळतो. टेबलातील ओळ वाचून तिचा ऑब्जेक्ट तयार करणे आणि ऑब्जेक्टमधील बदल पुन्हा योग्य त्या ओळीत लिहिणे हे काम हाताने करायचे ठरवले, तर प्रत्येक टेबलासाठी जवळजवळ सारखाच कोड पुन्हा पुन्हा लिहावा लागतो. ऑब्जेक्ट-रिलेशनल मॅपर, म्हणजेच ओआरएम, हे रूपांतर आपल्यासाठी करतो. जावामध्ये हायबरनेट, रुबी ऑन रेल्समध्ये ॲक्टिव्ह रेकॉर्ड, पायथनमध्ये जँगोचा अंगभूत ओआरएम आणि २००६ पासून उपलब्ध असलेली एसक्यूएलअल्केमी ही याची सुपरिचित उदाहरणे आहेत. पुढील विवेचन एसक्यूएलअल्केमीच्या २.० या आवृत्तीला धरून केले आहे. परंतु त्यातील बहुतेक मुद्दे इतर ओआरएमनाही लागू पडतात.

माझे ठाम मत असे आहे की, ओआरएममुळे एसक्यूएल (डेटाबेसशी बोलण्याची भाषा) लिहिण्याचे कष्ट कमी होतात, पण एसक्यूएल समजून घेण्याची गरज संपत नाही. पायथनमधील एका साध्या ओळीमागे डेटाबेसकडे एक क्वेरी (एसक्यूएलमधील मागणी) जाते, शंभर जातात की एकही जात नाही, हे त्या ओळीकडे नुसते पाहून कळत नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून प्रत्यक्ष पाठवले जाणारे एसक्यूएल डोळ्यांसमोर ठेवावे. इंजिन, म्हणजे डेटाबेसशी जोडणारा भाग, तयार करताना ‘एको’ हा पर्याय चालू केला, की पाठवलेले प्रत्येक विधान लॉगमध्ये दिसू लागते. शिकताना आणि नवीन भाग लिहिताना तो पर्याय चालूच असावा. इंजिन संपूर्ण प्रोग्रामसाठी एकदाच तयार करावे, प्रत्येक विनंतीला नवे करू नये, कारण डेटाबेसशी उघडलेल्या जोडण्यांचा साठा त्याच्याकडे असतो आणि त्या पुन्हा पुन्हा वापरल्या जाव्यात हाच त्याचा हेतू आहे.

मॉडेल लिहिताना

उदाहरणासाठी एका ग्रंथालयाची माहिती घेऊ: लेखक, पुस्तके आणि सभासदांना दिलेल्या पुस्तकांची देवघेव. प्रत्येक टेबलासाठी एक क्लास, म्हणजेच मॉडेल, लिहायचा आणि त्या क्लासमधील प्रत्येक गुणधर्माला त्याचा प्रकार द्यायचा. आवृत्ती २.० मध्ये प्रकाराच्या नोंदीवरूनच कॉलम रिकामा चालेल की नाही हे ठरते: पुस्तकाचे शीर्षक नुसते ‘स्ट्रिंग’ म्हणून नोंदवले तर तो कॉलम ‘नॉट नल’ होतो आणि उपशीर्षक ‘ऑप्शनल’ म्हणून नोंदवले तर त्यात ‘नल’ चालते.

पुस्तक आणि लेखक यांचे नाते सांगताना दोन वेगळ्या गोष्टी लिहाव्या लागतात आणि नवशिक्यांचा गोंधळ बहुधा येथेच होतो. पुस्तकाच्या टेबलात लेखकाचा क्रमांक ठेवणारी फॉरेन की हा डेटाबेसमधील खरा कॉलम असतो. ‘रिलेशनशिप’ मात्र केवळ पायथनच्या बाजूची सोय असते, तिच्यामुळे पुस्तकाच्या ऑब्जेक्टवरून थेट लेखकाच्या ऑब्जेक्टपर्यंत पोहोचता येते. नाते दोन्ही क्लासमध्ये लिहावे आणि ‘बॅक पॉप्युलेट्स’ने ती टोके एकमेकांना जोडावीत, म्हणजे लेखकाच्या यादीत पुस्तक घातल्याबरोबर त्या पुस्तकाचा लेखकही आपोआप ठरतो.

फॉरेन कीच्या कॉलमवर इंडेक्स (ओळी लवकर सापडण्यासाठीची सूची) आहे का, हे याच टप्प्यावर तपासावे. जँगो असा इंडेक्स स्वतःहून तयार करतो. एसक्यूएलअल्केमी आपण सांगितल्याशिवाय करत नाही आणि पोस्टग्रेसक्यूएल हा डेटाबेसही फॉरेन कीसाठी आपणहून इंडेक्स घालत नाही. टेबल लहान असताना हा अभाव जाणवत नाही, पण देवघेवीच्या नोंदी वाढल्यावर एका सभासदाच्या नोंदी शोधण्यासाठी संपूर्ण टेबल वाचले जाऊ लागते.

जे नियम माहितीच्या अचूकतेशी निगडित आहेत, ते डेटाबेसमध्येच बंधन म्हणून लिहावेत. एका सभासद क्रमांकाची दोन माणसे नसावीत हा नियम फक्त पायथनमध्ये तपासला, तर एकाच वेळी आलेल्या दोन विनंत्या तपासणीतून सुटतात, कारण त्या क्षणी दोघींनाही टेबलात तो क्रमांक सापडत नाही. ‘युनिक’ बंधन असेल तर दुसरी नोंद डेटाबेसच नाकारतो. एसक्यूलाइट हा डेटाबेस वापरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: तेथे फॉरेन कीची तपासणी सामान्यतः बंद असते आणि ती प्रत्येक जोडणीवर ‘प्रॅग्मा’ ही आज्ञा देऊन चालू करावी लागते.

सेशन

एसक्यूएलअल्केमीतील सर्वांत नीट समजून घेण्यासारखी गोष्ट म्हणजे सेशन. आपण ऑब्जेक्टमध्ये केलेले बदल सेशन लक्षात ठेवतो आणि योग्य वेळी योग्य क्रमाने एसक्यूएल पाठवतो. नवा लेखक आणि त्याचे नवे पुस्तक एकत्र जोडले, तर आधी लेखकाची ओळ लिहिली जाते आणि तिचा क्रमांक मिळाल्यावर पुस्तकाची. एका सेशनमध्ये एका ओळीसाठी एकच ऑब्जेक्ट असतो. म्हणून तेच पुस्तक दोन वेगळ्या क्वेरींतून मिळाले, तरी हाती येतो तो एकच ऑब्जेक्ट.

‘फ्लश’ आणि ‘कमिट’ यांतील फरक पक्का करून घ्यावा. फ्लश म्हणजे साचलेले बदल एसक्यूएलच्या रूपात डेटाबेसकडे पाठवणे. त्यामुळे नव्या ओळीचा क्रमांक आपल्याला मिळतो, परंतु व्यवहार (ट्रान्झॅक्शन, म्हणजे एकत्र पक्का किंवा रद्द होणारा बदलांचा गट) अजून उघडाच असतो आणि ‘रोलबॅक’ केल्यास सारे मागे घेतले जाते. कमिट म्हणजे आधी फ्लश करून मग व्यवहार पक्का करणे. क्वेरी चालवण्यापूर्वी सेशन सामान्यतः स्वतःच फ्लश करतो. त्यामुळे अर्धवट भरलेला ऑब्जेक्ट सेशनमध्ये घालून मध्येच दुसरी क्वेरी केली, तर बंधनभंगाची चूक त्या क्वेरीच्या ओळीवर उद्भवते आणि तिचे कारण भलत्याच ठिकाणी शोधले जाते.

सेशनचे आयुष्य थोडके ठेवावे. वेब ॲप्लिकेशनमध्ये एका विनंतीला एक सेशन ही पद्धत योग्य आहे. तो ‘विथ’ विधानात उघडावा, म्हणजे चूक झाली तरी जोडणी परत साठ्यात जाते. हे पाळले नाही तर परिणाम लवकर दिसतो: साठ्याची मूळ मर्यादा पाच जोडण्यांची आणि गरजेनुसार आणखी दहांची असते, त्यामुळे न सोडलेले पंधरा सेशन पुढील विनंतीला ताटकळत ठेवण्यास पुरेसे ठरतात. शिवाय कमिटनंतर ऑब्जेक्टमधील माहिती शिळी मानली जाते आणि त्याचा एखादा गुणधर्म पुन्हा वाचला की नवी क्वेरी जाते. तोवर सेशन बंद झालेला असेल तर ‘डिटॅच्ड इन्स्टन्स’ची चूक येते. म्हणून पानावर दाखवायची माहिती सेशन उघडा असतानाच घ्यावी.

क्वेरी आणि नात्यांचे वाचन

क्वेरी लिहिण्यासाठी ‘सिलेक्ट’मध्ये क्लास द्यावा, ‘व्हेअर’मध्ये अटी लिहाव्यात आणि ती सेशनच्या ‘स्केलर्स’ने चालवावी. ‘एक्झिक्यूट’ने चालवली तर ऑब्जेक्टऐवजी तो ऑब्जेक्ट असलेली ओळ हाती येते. अटींमध्ये पायथनचे ‘अँड’ आणि ‘ऑर’ वापरू नयेत: कॉलमची तुलना खरे-खोटे देत नाही, ती एसक्यूएलचा एक तुकडा तयार करते, आणि असे तुकडे जोडण्यासाठी स्वल्पविराम किंवा ‘अँड_’, ‘ऑर_’ ही फंक्शने आहेत. गाळणी, मोजणी आणि क्रमवारी डेटाबेसकडूनच करून घ्यावी. पुस्तकांची संख्या हवी म्हणून सगळी पुस्तके मागवून पायथनमध्ये यादीची लांबी मोजणे हा सहज टाळता येण्यासारखा अपव्यय आहे.

यानंतर येते ती ओआरएममधील सर्वांत जास्त आढळणारी अडचण, ‘एन प्लस वन’. समजा, शंभर लेखकांची यादी मागवली आणि लूपमध्ये प्रत्येकाच्या पुस्तकांची शीर्षके छापली. लेखकांसाठी एक क्वेरी गेली, पण प्रत्येक लेखकाची पुस्तके प्रथमच मागितल्यावर ती आणण्यासाठी आणखी एक जाते, एकूण १०१. कोड वाचताना यांपैकी काहीच दिसत नाही, आणि चाचणीच्या डेटाबेसमध्ये तीनच लेखक असल्यामुळे वेळेतही फरक जाणवत नाही. उलट दिशेने, म्हणजे पुस्तकावरून लेखकाकडे जाताना, सेशनमध्ये आधीच असलेला लेखक पुन्हा मागवला जात नाही. त्यामुळे तेथे क्वेरींची संख्या वेगवेगळ्या लेखकांइतकी असते, पुस्तकांइतकी नव्हे. हा बारकावा माहीत नसला की लॉगमधील आकडे पाहून विनाकारण गोंधळ उडतो.

यावर उपाय म्हणजे कोणती नाती लागणार आहेत, ते क्वेरी करतानाच सांगणे. ‘सिलेक्ट-इन लोड’ दिल्यास आधी लेखक येतात आणि मग त्यांच्या क्रमांकांची यादी ‘इन’ अटीत घालून सर्वांची पुस्तके एका वेगळ्या क्वेरीने येतात. क्रमांक फार असतील तर पाचशे-पाचशेच्या गटांनी. ‘जॉइन्ड लोड’ दिल्यास दोन्ही टेबले जोडून एकाच क्वेरीत सारे मिळते. माझा सल्ला असा की, पुस्तकाला एकच लेखक असेल अशा नात्यासाठी जॉइन्ड लोड आणि यादी असलेल्या नात्यासाठी सिलेक्ट-इन लोड वापरावा. कारण यादीसाठी टेबले जोडली की मूळ ओळ प्रत्येक घटकामागे पुन्हा येते, आणि एकाच वेळी दोन याद्या जोडल्या तर गुणाकार होतो: ज्या लेखकाची ३० पुस्तके आणि २० पुरस्कार आहेत, त्याच्यासाठी पन्नासऐवजी ६०० ओळी येतात. जँगोमध्ये हीच निवड ‘सिलेक्ट रिलेटेड’ आणि ‘प्रीफेच रिलेटेड’ या नावांनी करावी लागते.

ज्या ठिकाणी अनपेक्षित क्वेरी मुळीच नको असते, तेथे ‘रेझ लोड’ लावावा; मग न मागवलेले नाते वाचताच प्रोग्राम चूक दाखवून थांबतो. यादी दाखवणाऱ्या पानांसाठी हा पर्याय मला अत्यंत उपयुक्त वाटतो, कारण सहा महिन्यांनी दुसऱ्या कोणी टेम्प्लेटमध्ये एक नवे नाव छापले, तरी दोष विकासाच्या वेळीच उघड होतो. क्वेरींची संख्या चाचणीतही तपासता येते. जँगोमध्ये त्यासाठी ‘असर्ट नम क्वेरीज’ ही तयार सोय आहे.

एकाच ओळीवर दोघांचे काम

पुस्तकाच्या शिल्लक प्रतींची संख्या एकाने कमी करायची असेल, तर ऑब्जेक्ट वाचून, त्यातून एक वजा करून कमिट करणे सोपे दिसते, पण ते सुरक्षित नाही. दोन विनंत्यांनी एकाच वेळी ‘१’ ही संख्या वाचली, तर दोघीही ‘०’ लिहितात आणि एकच प्रत दोन सभासदांना दिली जाते. अशा ठिकाणी ‘अपडेट’ विधान थेट द्यावे: या क्रमांकाच्या पुस्तकाची शिल्लक शून्यापेक्षा जास्त असेल, तरच कॉलमच्या सध्याच्या मूल्यातून एक वजा करावा. नंतर किती ओळी बदलल्या ते पाहावे. शून्य आले तर प्रत शिल्लक नव्हती. वजाबाकी डेटाबेसमध्येच होत असल्याने दोन विनंत्या एकमेकींवर कुरघोडी करू शकत नाहीत. जेथे वाचणे आणि लिहिणे यांमध्ये अधिक विचार करावा लागतो, तेथे ‘विथ फॉर अपडेट’ने ओळ कुलूपबंद करावी (एसक्यूलाइटमध्ये याचा उपयोग होत नाही), किंवा मॉडेलमध्ये आवृत्ती क्रमांकाचा कॉलम ठेवावा, म्हणजे मधल्या काळात कोणी ओळ बदलली असल्यास फ्लशच्या वेळीच चूक समोर येते.

टेबलांची रचना बदलताना

‘क्रिएट ऑल’ फक्त नसलेली टेबले तयार करते. अस्तित्वात असलेल्या टेबलात नवा कॉलम घालत नाही. रचनेतील बदलांसाठी एसक्यूएलअल्केमीसोबत ॲलेम्बिक हे साधन वापरावे. ते मॉडेल आणि डेटाबेस यांची तुलना करून मायग्रेशनचा, म्हणजे रचनाबदलाच्या कोडचा, मसुदा देते, परंतु तो मसुदाच असतो आणि चालवण्याआधी ओळ न् ओळ वाचणे आवश्यक असते. कॉलमचे नाव बदलले, हे त्याला ओळखता येत नाही. त्याच्या दृष्टीने जुना कॉलम काढायचा असतो आणि नवा घालायचा असतो. हा मसुदा तसाच चालवला तर कॉलममधील सर्व माहिती नष्ट होते. त्याचप्रमाणे, आधीच ओळी असलेल्या टेबलात ‘नॉट नल’ कॉलम मूळ मूल्याशिवाय घालता येत नाही. आधी रिकामा चालणारा कॉलम घालावा, जुन्या ओळी भराव्यात आणि मग बंधन लावावे.

अहवालासाठी लागणाऱ्या गुंतागुंतीच्या क्वेरी ओआरएमच्या साच्यात बसवण्याचा अट्टहास करू नये. दर महिन्याला सर्वाधिक वाचली गेलेली पुस्तके काढायची असतील, तर ऑब्जेक्ट हवेतच कशाला? हवे ते कॉलम थेट निवडावेत, किंवा ‘टेक्स्ट’मध्ये एसक्यूएल जसेच्या तसे लिहावे. मात्र वापरकर्त्याकडून आलेले मूल्य त्या मजकुरात चिकटवून कधीही पाठवू नये, कारण त्यातून एसक्यूएल इंजेक्शनला, म्हणजे मूल्यात लपवलेले एसक्यूएल चालवण्याला, वाट मिळते; मूल्याच्या जागी नाव ठेवावे आणि मूल्य स्वतंत्रपणे द्यावे.

चाचण्या प्रत्यक्ष वापरातील डेटाबेसवरच चालवाव्यात. ओआरएममुळे एसक्यूलाइटवर चाललेला कोड पोस्टग्रेसक्यूएलवरही सुरू होतो हे खरे. पण कुलुपे, बंधनांची तपासणी आणि कॉलमच्या प्रकारांबाबतची काटेकोरता दोन्हींकडे सारखी नसते, आणि वर सांगितलेल्या शिल्लक प्रतींच्या व्यवहाराची चाचणी खऱ्या डेटाबेसवर दोन जोडण्या एकाच वेळी उघडूनच घ्यावी लागते.